सायलेन्सर आणि फुंकणी

असरची नमाज आणि मगरिबची अजान यांच्यामधला वेळ आमच्या घरच्यांनी हिशेबातून केव्हाच वगळला आहे. त्या तासाभरात आम्हाला कुणी गिरणीत पाठवत नाही, नातवाला क्लासहून आणायला सांगत नाही. आम्ही कुठे असणार हे सगळ्यांना ठाऊक असते. विश्रामबाग रेल्वे स्टेशनच्या अलीकडे एका बोळात मेस्त्रींचे गॅरेज आहे. दाराशी जुन्या जीपची मागची सीट काढून ठेवली आहे. तिच्यावर तिघे बसतात, चौथ्याने ऑइलचा डबा पालथा घालून घ्यायचा. तुम्ही मंडळी तिथे रोज बोलता तरी काय, असे काही वाचकांनी पत्रातून विचारले होते. खरे सांगायचे तर गाड्या, लाकडे, दुरुस्ती आणि जेवण. पाचवा विषय निघालाच तर तो पावसाचा असतो.

सांगली आणि मिरज यांच्या मधली ही वस्ती. १९१९ साली इथे विलिंग्डन कॉलेज आले, १९४७ साली आज वालचंद म्हणून ओळखले जाणारे इंजिनिअरिंग कॉलेज सुरू झाले. त्यामुळे पोरांच्या गाड्यांना इथे तोटा नाही. उद्याचे इंजिनिअर प्लग साफ करून घ्यायला सातवी पास मेस्त्रींपुढे उभे राहतात, आणि मेस्त्री त्यांना "शिकताय ते चांगलंय, पण चोक बंद करायचा असतो" एवढे तरी ऐकवतातच. मेस्त्री लुनावर हात बसलेल्या पिढीतले. गाडी आत येण्याआधीच, बोळाच्या तोंडाशी असताना, तिचे काय बिघडले आहे ते ते आवाजावरून सांगतात. आम्ही पैज लावून दोनदा चहा हरलो आहोत.

बाकीची मंडळी म्हणजे उर्दू शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी, तासगावकडे ऊस आणि द्राक्षे पिकवणारे आणि मुलाच्या बंगल्यात दुपारी झोप येत नाही म्हणून इथे येणारे आप्पा, आणि ज्यांच्यासाठी हा महिना लिहायला बसलो ते बावर्ची चाचा. आपसात आमची दखनी चालते. आप्पा आले की सगळे मराठीवर येतात. आप्पा मात्र तीस वर्षांत दखनी शिकले आहेत आणि मुद्दाम चुकीची बोलतात.

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. त्या दिवशी पेट्रोलवरून जुंपली होती. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल असते. आधी त्यासाठी २०३० साल ठरले होते, ते २०२५ वरच आले. मेस्त्रींची तक्रार अशी की जुन्या गाड्यांचे रबर आणि सील या पेट्रोलसाठी बनवलेलेच नाहीत. शिवाय इथेनॉल हवेतले पाणी ओढते, पावसाळ्यात गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की टाकीच्या तळाला पाणी बसते. "कार्बोरेटर उघडला की पाणी. माणसं म्हणतात पंपवाल्यानं फसवलं. आता पंपवाला काय करणार?"

"मग आमच्या उसाला भाव कोण देणार?" आप्पा म्हणाले. "तुमच्या टाकीत माझा ऊस जळतोय, मेस्त्री. जरा मान ठेवा त्याचा."

गुरुजींनी मध्ये पडून सांगितले की लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन तृतीयांशच उष्णता असते, तेव्हा गाडी थोडी कमी धावणारच; त्यात ना उसाचा दोष ना मेस्त्रींचा. यावर दोघेही गुरुजींवरच उलटले. एवढ्यात बोळाच्या तोंडाशी फटफट ऐकू आली आणि मेस्त्री न बघताच म्हणाले, "चाचांची एम-८०. सायलेन्सर भरलाय."

बजाजची एम-८० आता रस्त्यावर दिसत नाही म्हटले तरी चालेल. चाचांची ती गाडी त्यांच्या धंद्याइतकीच जुनी आहे. देगी टेम्पोने जातात, पण झारे, उलथणी, मसाल्याचा पत्र्याचा डबा आणि स्वतः चाचा एम-८० वर. मिरज, कुपवाड, तासगाव, पार कवठे महांकाळपर्यंतच्या वलिम्यांना ते याच गाडीवर गेले आहेत. त्यांनी गाडी लावली, पाय जमिनीवर टेकवले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "क्या करू मेस्त्री, चढ आया की गाडी का दम छुटता."

दम गाडीचा सुटत होता की गाडीवाल्याचा, हे आम्हाला तेव्हाच कळायला हवे होते. आमच्या घरातून आठ दिवसांपूर्वीच आम्हाला सांगून झाले होते. चाचींनी फोनवर म्हटले होते की रात्री यांची छाती मांजरीसारखी वाजते, दोन उशा घेतल्याशिवाय झोपत नाहीत, आणि डॉक्टरचे नाव काढले की ताट सरकवून उठतात. "तुमच्या साहेबांना सांगा, त्यांचं ऐकतील." साहेबांनी, म्हणजे आम्ही, "बघतो" म्हटले होते. माणसाच्या छातीबद्दल त्याच्याशी बोलायचे कसे? गाडीबद्दल बोलता येते.

मेस्त्रींनी सायलेन्सर उतरवला. टू-स्ट्रोक गाडीत पेट्रोलबरोबर ऑइलही जळते, आणि त्याची काजळी वर्षानुवर्षे सायलेन्सरच्या आत बसत जाते. धुराला बाहेर पडायला वाट उरली नाही की इंजिनला नवी हवा ओढता येत नाही. इंजिन धडधाकट असते, पण चढावर गाडी मान टाकते. आतली नळी ओढून काढली तर तिची भोके बुजून गेलेली. मेस्त्रींनी ती आम्हा सगळ्यांना दाखवली, डॉक्टर एक्स-रे दाखवतात तशी, उजेडाकडे धरून.

यावर दोन उपाय. एक, कॉस्टिक सोड्यात रात्रभर बुडवायची. दुसरा जुना, विस्तवात घालून लाल होईपर्यंत जाळायची आणि मग हातोडीने ठोकायची. "चाचा, तुमची चूल पेटलीय का?" मेस्त्रींनी विचारले. चाचांचे घर बोळाच्या पलीकडेच. दुसऱ्या दिवशीच्या एका अकिक्याचा दालचा रात्री चढायचा होता, चूल पेटत होती. आम्ही सगळी वरात सायलेन्सर घेऊन चाचांच्या परसात गेलो.

आता लाकडांविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण चाचांपुढे लाकडाचा विषय निघाला की ते आपोआप उस्ताद होतात. त्यांच्या मते देगेखाली बाभूळच. तिचा निखारा घट्ट पडतो आणि टिकतो, दमाला तोच लागतो. चिंचेचेही चालते, पण फोडणाऱ्याचे हात जातात. आंब्याचे लाकूड भसकन जळून राख होते, ते पाहुण्यांसारखे, आले कधी गेले कधी कळत नाही. निलगिरी तडतडते. द्राक्षबागेच्या छाटणीतल्या काड्या, एप्रिलच्या आणि ऑक्टोबरच्या, पेटवणाला सोन्यासारख्या. त्या आप्पा दरवर्षी गोणी भरून पाठवतात आणि बदल्यात नळीचे हाड खातात. बाग मोडल्यावर निघालेली जुनी खोडेही चाचांना आवडतात. दहा किलो तांदळाची देग शंभर माणसांना पुरते, तिला लाकूड मणभर. "कोरडं असलं तर मणभर. ओलं असलं तर दीड मण, आणि वर शिव्या."

त्या दिवशी लाकूड ओले होते. वखारवाल्याकडे पूर्वी वर्षभराचा साठा उन्हात रचलेला असायचा. आता माल येईल तसा जातो, झाड तोडायला परवानगी लागते, ती लागायलाच हवी, आणि पावसाळ्यात जे मिळेल ते घ्यावे लागते. नुकत्याच तोडलेल्या लाकडात वजनाच्या निम्म्याच्या आसपास पाणीच असते. म्हणजे आपण अर्धे पैसे पाण्याचे देतो, आणि जो जाळ भाताला मिळायचा तो त्या पाण्याची वाफ करण्यात जातो. उरतो तो धूर.

चाचा खाली बसले, फुंकणी तोंडाला लावली आणि चुलीत फुंकर घातली. एक घातली, दुसरी घातली, आणि तिसरीला खोकल्याने धरले. तो खोकला थांबेना. चाची आतून पाणी घेऊन आल्या. त्या आमच्याकडे बघत होत्या आणि आम्ही चुलीकडे.

धूर इतका होता की कुणाच्या डोळ्यात पाणी का आले ते कळत नव्हते. सायलेन्सरची नळी निखाऱ्यात लाल झाली होती. मेस्त्रींनी ती पकडीने बाहेर काढली, दगडावर ठेवून ठोकली. काळ्या खपल्या पडल्या, मूठभर. मेस्त्री त्या पायाने सारत सहज म्हणाले, "चाचा, गाडी बारा वर्षांनी उघडली तर एवढं निघालं. तुम्ही चाळीस वर्षं धूर ओढताय. तुमचा सायलेन्सर कधी उघडून बघितला?"

"मैं बिडी को हाथ नै लगाया कभी," चाचा म्हणाले. खरेच होते ते. तंबाखू नाही, सुपारीही नाही.

"गाडीनं तरी कुठं बिडी ओढली होती?"

यावर चाचा हसले नाहीत. त्यांनी त्या खपल्यांपैकी एक उचलली, बोटांत चुरली, बोट काळे झाले ते बघितले. चाची दारातच उभ्या होत्या. बराच वेळ देगेचा आवाज तेवढा येत होता.

गुरुजींनी नंतर जीपच्या सीटवर बसून आकडा सांगितला. घरातल्या चुलीच्या, शेणीच्या, कोळशाच्या धुराने २०२० या एका वर्षात जगभरात सुमारे ३२ लाख माणसे गेली, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. त्यात बावर्चींची वेगळी मोजणी नाही. त्यात बायका आणि लहान मुले जास्त सापडतात, कारण चुलीजवळ तीच असतात. २०१६ साली उज्ज्वला योजना आली तेव्हा आमच्या ओळखीतल्या कितीतरी घरांत पहिली टाकी पोचली. चाचींच्या घरीही तोवर गॅस होता. पण चाचांची चूल घराची नव्हती, धंद्याची होती, आणि ती लाकडावरच राहिली.

ती लाकडावर का राहिली, याचे उत्तर द्यायला आम्हाला लाज वाटते. ती आमच्यामुळे राहिली. प्रत्येक दावतीत आम्हीच पहिला घास घेऊन म्हणायचो, "चाचा, लाकडाची ती लाकडाची. गॅसच्या बिर्याणीत जीव नसतो." गेल्या वर्षी एका यजमानाने व्यापारी टाकी, ती १९ किलोची, आणून ठेवली होती, तर आम्हीच नाक मुरडले होते. चाचांनी ते ऐकले होते. जो माणूस शंभर जणांचे मीठ अंदाजाने टाकतो तो असे शब्द विसरत नाही.

आणखी एक जुने येणे होते. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णेला पूर आला. आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. गावभागात घरांच्या वर घरे बुडाल्यासारखे दिसत होते. माणसे मिळेल त्या शाळेत, हॉलमध्ये, नातेवाइकांकडे आली. रस्ते बंद, टाक्या येईनात. चाचांनी परसातल्या दोन देगी काढल्या आणि रोज खिचडी शिजवली. कुणाला मोजून दिली नाही, कुणाचे नाव विचारले नाही. लाकूड सगळे भिजलेले होते. पाठीमागच्या पडक्या गोठ्याचे वासेही त्यांनी जाळले. आठ दिवस तो माणूस धुरात उभा होता. आप्पांचे म्हणणे, खोकला तेव्हापासूनचा. चाचींचे म्हणणे, त्याच्याही आधीपासूनचा. तेव्हापासून फक्त लपवता येईना.

डॉक्टरकडे नेण्याचे काम शेवटी मेस्त्रींनीच केले. एम-८० ची ट्रायल घ्यायची म्हणून चाचांना मागे बसवले आणि गाडी थेट मिरजेला नेली. मिरज हे दवाखान्यांचेच गाव. वॉन्लेस हॉस्पिटल १८९४ पासूनचे, मेडिकल कॉलेज १९६२ पासूनचे, आणि त्यांच्या आसपास गल्लोगल्ली डॉक्टर. आम्ही आणि गुरुजी रिक्षाने मागून. छातीच्या डॉक्टरांनी चाचांच्या हातात एक नळी दिली आणि म्हणाले, जोरात फुंका, जेवढी ताकद आहे तेवढी, आणि थांबू नका. चाचांनी नळीकडे पाहिले, मग आमच्याकडे. आयुष्यभर फुंकण्यातच गेलेला माणूस. त्याला वाटले हे काम आपले. पहिल्याच फुंकरीला यंत्राच्या पडद्यावरची रेघ अर्ध्यात वाकली. डॉक्टरांनी तीनदा फुंकायला लावले. तिन्ही वेळा तेच.

सीओपीडी. श्वासनळ्या अरुंद झाल्या आहेत, गेलेली ताकद परत येणार नाही, उरलेली सांभाळता येईल. धूर बंद, औषध रोज, पावसाळ्याआधी फ्लूची लस. औषध म्हणजे तोंडाने ओढायचा पंप. त्यावर चाचा अडले. पंपाची सवय लागते, एकदा धरला की सुटत नाही, असे त्यांना कुणीतरी सांगितलेले. आमच्या समाजात, आणि आप्पा म्हणतात त्यांच्याकडेही, हा समज फार पक्का आहे. डॉक्टरांनी शांतपणे समजावले की गोळी पोटात जाऊन सगळ्या अंगभर फिरते, पंपाचे औषध थोडेसेच असते आणि थेट फुफ्फुसात जाते. मेस्त्रींनी भाषांतर केले: "चाचा, ऑइल टाकीत ओतायचं का थेट चेनवर सोडायचं, एवढाच फरक आहे." हे मात्र पटले.

मग प्रश्न राहिला धंद्याचा. कुपवाडचा वलिमा पंधरा दिवसांवर, सहाशे माणसे, सुपारी घेतलेली. घरात कमावते तेच. धूर बंद म्हणणे सोपे आहे, डॉक्टरांना सहा देगी चढवायच्या नसतात.

जीपच्या सीटवर मग जी चर्चा झाली ती आमच्या आठवणीतली सर्वांत कामाची. कांदा तळायचा तो गॅसच्या भट्टीवर. धुराचा आणि वेळाचा निम्मा खर्च तिथेच होतो. गोश्त गळेपर्यंतही गॅस. लाकूड फक्त दमाला, म्हणजे खरे तर निखाराच. तो बाजूला आधी पाडून घ्यायचा, देगेखाली पसरायचा, थोडा झाकणावर. लाकूड बारीक फोडून मेस्त्रींच्या पत्र्याच्या शेडखाली आतापासूनच रचायचे, पुढच्या पावसाळ्यापर्यंत ते खडखडीत वाळेल. आगीजवळ दोन शागीर्द. चाचांनी वाऱ्याच्या उलट अंगाला खुर्ची टाकून बसायचे आणि फुंकणीला हात लावायचा नाही. शेवटच्या अटीवर सर्वांत जास्त वाद झाला.

गुरुजींनी त्यात आपली भर घातलीच. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी अर्धे पाणी मिसळलेल्या इथेनॉलवर चालणारा स्टोव्ह बनवला आहे. पुण्यात आनंद कर्वे यांच्या 'आरती' संस्थेने उसाच्या पाचटापासून कोळशाच्या कांड्या केल्या, २००२ साली त्यांना इंग्लंडचा अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. आप्पा अवाक झाले. दरवर्षी ते पाचट फडातच पेटवून देतात, आणि त्याचा धूर विश्रामबागेपर्यंत आला की आम्ही खिडक्या लावतो. "म्हणजे माझा ऊस गाडीतपण, चुलीतपण?" ते म्हणाले. मेस्त्री म्हणाले, "गाडीतनं काढा, चुलीत घाला." पुन्हा जुंपली.

कुपवाडला आम्ही सगळे गेलो होतो. चाचा निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर, देगांपासून वीस पावलांवर, पांढरा रुमाल खांद्यावर. जवळ न जाताच ते ओरडत होते, "तिसरी देग, आग ओढ!" आणि शागीर्द झाकण हलवून बघतो तर खरोखरच वेळ झालेली. तुम्हाला कसे कळले, असे यजमानांनी विचारले तर म्हणाले, कणकेचा वास बदलतो. झाकणाला लावलेली कणीक भाजायला लागली की तांदूळ झाला. हे आम्ही इतक्या वर्षांत कधी ऐकले नव्हते. धुरात उभा असलेल्या माणसाला ते कधी सांगायला सवड नव्हती.

बिर्याणी कशी होती, असे वाचक विचारतील. आम्ही खाली बसलो, पहिला घास घेतला. चाचा खुर्चीवरून आमच्याकडे बघत होते. धुराचा तो वास थोडा कमी होता, हे खरे. आम्ही दुसऱ्यांदा मागून घेतली आणि "दालचा जरा पातळ झालाय" एवढीच खोड काढली. त्याने चाचांचा जीव भांड्यात पडला. आम्ही काहीच बोललो नसतो तर त्यांना संशय आला असता.

पंप ते अजून चारचौघांत ओढत नाहीत. मेस्त्रींनी त्यावरही तोड काढली आहे. एक पंप गॅरेजातल्या पान्यांच्या डब्यात असतो. असरनंतर चाचा येतात, "मेस्त्री, गाडी बघा जरा" म्हणतात, आणि दोघे शटरच्या आत जातात. एम-८० बाहेरच उभी असते. सायलेन्सरचे बिल अजून दिलेले नाही, मेस्त्री मागतही नाहीत. पण दर शुक्रवारी त्यांच्या घरी एक झाकलेले पातेले जाते आणि रिकामे परत येताना त्यात आप्पांच्या बागेतली द्राक्षे असतात. आता या हिशेबात कोण कुणाचे किती देणे लागतो, ते गुरुजींना विचारले तर त्यांनी चष्मा पुसला आणि पावसाचा विषय काढला.